लांब आर्म, लांब शॉक: मुळशीच्या बांधांवरचे दहा महिने

पौडच्या पुढे आमची नऊ एकर जमीन आहे, तीही तीन तुकड्यांत. खाली भातखाचरं, मध्ये ओढा, आणि वरच्या मुरमाड उतारावर चाळीसेक आंब्याची झाडं. घरापासून वरच्या टाकीपर्यंतची वाट पाऊण किलोमीटर असेल, पण तेवढ्यात अकरा बांध, एक धोंड्यांचा ओढा आणि शेवटी खडी चढण येते. माझ्याकडे सुझुकीची क्वाडस्पोर्ट झेड ४०० ही एटीव्ही आहे, म्हणजे बाइकसारखं हँडल आणि सीट असलेली, कच्च्या रानात चालवायची चारचाकी. कंपनीने ती भारतात आणली होती, त्यातलीच एक मी सेकंडहँड घेतली. रस्त्यासाठी तिची नोंदणी नाही, त्यामुळे कोथरूडहून शेतावर न्यायची तर छोट्या हत्तीत चढवावी लागते. ती चालते फक्त आमच्या रानात आणि रविवारी एका मित्राच्या मावळातल्या माळावर. हे सगळं आधी सांगायचं कारण असं, की सस्पेन्शनबद्दल पुढे जे म्हणणार आहे ते या वाटेवरून आणि माझ्या वजनावरून आलेलं आहे. मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर उड्या मारणाऱ्याचा अनुभव वेगळा असू शकतो.

मला खटकत होतं ते बांधांचं. भाताचा बांध म्हणजे दीड-दोन फुटांची मातीची वरवंडी, पलीकडे लगेच उतार. पुढची चाकं बांधावर चढली की हँडल छातीकडे यायचं, आणि पलीकडे उतरताना चाकं खाली पोहोचायच्या आत गाडीचं नाक खाली आपटायचं. चाकाला खाली यायला जागाच उरलेली नसायची. ओढ्यात तर एक चाक धोंड्यावर गेलं की दुसरं हवेत, आणि हवेतल्या चाकाला ना स्टिअरिंग ना ब्रेक. मूळ गाडीत दोष होता असं मी म्हणणार नाही. ज्या कामासाठी ती बनली ते काम ती चोख करते. मला हवं होतं ते थोडं वेगळं होतं.

गेल्या दसऱ्याला मी पुढचे लांब ए-आर्म, म्हणजे चाकाला चेसिसशी जोडणारे इंग्रजी 'ए'च्या आकाराचे दांडे, मागवले, ज्यांना या छंदातली माणसं 'प्लस टू प्लस वन' म्हणतात. म्हणजे प्रत्येक चाक दोन इंच बाहेर आणि एक इंच पुढे. आधी भोसरीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो होतो, म्हटलं इथेच बनवून घेऊ. त्याने मूळ आर्म हातात घेतला, बुशच्या नळीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "दादा, पाइप मी हवा तसा वाकवून देतो. पण जिग, म्हणजे पाइप मापात पकडून ठेवणारा साचा, नसेल तर डावा आणि उजवा सारखा येणार नाही. आणि शॉकअपचा ब्रॅकेट कुठे मारायचा ते तुम्ही सांगायचं, मी नाही." त्याचं हे शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर पुढचे तीन महिने वाचले असते. शेवटी क्रोमोली या मजबूत पोलादाच्या पाइपचे, टिग वेल्डिंग केलेले तयार आर्म बाहेरून मागवले. शॉक मात्र जुनेच ठेवले. लांब शॉकचा भाव ऐकून वाटलं, आर्म लांब झाले म्हणजे ट्रॅव्हल (चाकाची वर-खाली चाल) आपोआप वाढणारच, शॉक नंतर बघू.

बसवायला एक रविवार आणि पुढचा अर्धा सोमवार गेला. आर्म लांब झाले की टाय रॉडही, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणारे दांडेही, तेवढेच लांब लागतात, नाहीतर चाकं सरळ उभी राहत नाहीत. ते सेटमध्ये आले होते. टो, म्हणजे वरून पाहताना चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते, मी टेप लावून बसवला: दोन्ही पुढच्या टायरच्या मध्यावर खडूची रेघ, हँडल सरळ बांधलेलं, आणि पुढचं अंतर मागच्यापेक्षा पाच-सहा मिलिमीटर कमी. कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल, बसवताना गाडीवर माणूस बसलेला हवा, हे पुष्कळजण विसरतात. रिकाम्या गाडीवर बसवलेला कॅम्बर तुम्ही बसलात की बदलतो.

पहिल्या फेरीत माळावर गाडी रुळावर असल्यासारखी सरळ गेली. रुंदी वाढल्याचा फायदा खरा आहे आणि तो पहिल्या मिनिटापासून जाणवतो. तिरप्या उतारावर पुढचं नाक आता पूर्वीसारखं डगमगत नव्हतं. मग बांध आले. तिसऱ्या बांधावर खालून 'ठण्ण' असा लोखंडावर लोखंडाचा आवाज आला. पाचव्यावर पुन्हा. शॉक शेवटपर्यंत दबून आतल्या रबरावर आदळत होता. ट्रॅव्हल वाढवायला गेलो आणि गाडी पूर्वीपेक्षा लवकर तळाला टेकायला लागली.

या कोड्याचं उत्तर माझ्या भाच्याने दिलं. तो इंजिनिअरिंगला आहे आणि कॉलेजच्या बाहा टीममध्ये सस्पेन्शनचं काम बघतो. २००७ पासून आपल्याकडे होणाऱ्या बाहा एसएईइंडिया स्पर्धेसाठी ही मुलं दरवर्षी स्वतः गाडी बांधतात, त्यामुळे हे गणित त्यांच्या बोटांवर असतं. दिवाळीत तो शेतावर आला. गाडी जॅकवर घेतली, शॉक काढला, त्याची स्प्रिंग उतरवली आणि नुसता शॉक परत जागेवर लावला. आता चाक हाताने वर-खाली करता येत होतं. त्याने मला शॉकच्या दांड्याशी टेप धरायला लावली आणि स्वतः चाकाच्या मध्याशी दुसरी टेप उभी केली. दांडा अर्धा इंच आत गेला की चाक किती वर आलं, हे वहीत लिहायचं. पुन्हा अर्धा इंच, पुन्हा नोंद. मग जुना आर्म लावून तेच सगळं पुन्हा. ओसरीवर आईने चहा आणून ठेवला होता, तो निवून गेला तरी आमचं चाललं होतं.

आकडे असे निघाले. जुन्या आर्मवर शॉकचा दांडा पाच इंच चालला की चाक साडेआठ इंच चालायचं, म्हणजे शॉकच्या एका इंचाला चाकाचे १.७ इंच. नव्या आर्मवर शॉकच्या ब्रॅकेटचं चेसिसपासूनचं अंतर तेच होतं, चाक मात्र दोन इंच दूर गेलं होतं. त्यामुळे त्याच पाच इंचांत चाक ९.७ इंच चालत होतं. ट्रॅव्हल खरंच वाढली होती. पण तरफ लांब झाली होती.

"मामा, पहारीने दगड उचलताना तू टोकाला धरतोस ना? आता चाकाने पहार टोकाला धरलीये आणि बिचारी स्प्रिंग दगडाच्या जागी आहे," तो म्हणाला. चाकापाशी जाणवणारा स्प्रिंगचा कडकपणा या प्रमाणाच्या वर्गाने कमी होतो. १.७ भागिले १.९४, त्याचा वर्ग, म्हणजे ०.७७. नुसते आर्म बदलून माझी पुढची स्प्रिंग साधारण २३ टक्क्यांनी मऊ झाली होती. डॅम्पिंगचं, म्हणजे शॉकमधल्या तेलाने हालचाल आवरण्याचंही तेच. तेल तेवढंच, पिस्टन तोच, पण समोरून येणारा दणका आता लांब दांड्याने मारलेला.

उलट बाजूही त्याने लगेच सांगितली, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची आहे. आर्म लांब करणाऱ्याने ब्रॅकेटही त्याच प्रमाणात बाहेर सरकवला असता तर गुणोत्तर जसंच्या तसं राहिलं असतं. गाडी रुंद झाली असती, ट्रॅव्हल एका सुतानेही वाढली नसती. म्हणून कुणी 'लाँग ट्रॅव्हल आर्म' म्हणून काही विकत असेल तर पाइपची लांबी बघून भुलू नका. शॉकचा खालचा बोल्ट कुठे येतो आणि तो आर्म कोणत्या लांबीच्या शॉकसाठी काढला आहे, हे विचारा. भोसरीवाला दादा हेच म्हणत होता.

मी मात्र एवढं कळूनही आधी स्वस्तातला उपाय करून पाहिला: प्रीलोड वाढवला. शॉकवरची कडी पान्याने फिरवून स्प्रिंग आणखी दाबून ठेवली. डिसेंबरभर तशीच चालवली आणि तो महिना सर्वांत वाईट गेला. प्रीलोडने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, ती फक्त गाडीला वर उचलून धरते. नाक दीड इंच वर आलं, बसल्यावर गाडी जेमतेम इंचभर दबायची, म्हणजे चाकाला खड्ड्यात उतरायला इंचभरच वाव. जो वाव मिळवायला एवढा खटाटोप केला तोच मी पान्याने घालवला होता. वर दर बांधाच्या पलीकडे शॉक पूर्ण उघडून वरच्या बाजूला खटकन थांबायचा, तो आवाज वेगळाच. आणि मोठ्या दणक्याला तळाला टेकणं होतंच, फार तर चारऐवजी तीन वेळा.

संक्रांतीच्या आसपास लांब शॉक आले. मागवताना विकणाऱ्याने आर्मचा प्रकार, माझं हेल्मेट-बुटांसकट वजन (८४ किलो) आणि मी कुठे चालवतो ते विचारून घेतलं आणि त्याप्रमाणे स्प्रिंग बसवून पाठवली. हे न विचारता जो शॉक पाठवतो त्याच्याकडून घेऊ नये असं मी स्पष्ट सांगेन. हे शॉक सव्वासहा इंच चालतात. एकावर एक दोन स्प्रिंगा आहेत, वर छोटी मऊ आणि खाली मोठी कडक. सुरुवातीला दोन्ही मिळून दबतात म्हणून गाडी लोण्यासारखी चालते. मग एका कडीला अडून छोटीचं काम थांबतं आणि पुढचा भार एकटी मोठी घेते. गाडी पुढून उचलून धरली तर स्प्रिंगा सैल होऊन हाताने फिरतात. पहिल्यांदा पाहून मला वाटलं, काहीतरी चुकलंय. पण तेच अपेक्षित असतं. त्याला 'झिरो प्रीलोड' म्हणतात. चाक पूर्ण खाली लोंबेपर्यंत त्याला कुणी अडवत नाही, आणि बसल्यावर गाडी नको तेवढी उंचही राहत नाही.

स्प्रिंग काढून मोजायचं काम या वेळीही केलं आणि बरं झालं केलं. नव्या शॉकसाठी ब्रॅकेटचं बाहेरचं भोक वापरायचं होतं. चाकाची एकूण चाल ११ इंच निघाली. पण चाक पूर्ण खाली सोडल्यावर उजव्या बाजूचा ब्रेकचा होज तारेसारखा ताणला गेला. आर्मच्या सेटमध्ये लांब होज आलेच नव्हते आणि सूचनापत्रकात त्याचा उल्लेखही नव्हता. जुन्या शॉकवर चाक इतकं खाली येत नव्हतं म्हणून तीन महिने हे लपून राहिलं. तसंच माळावर नेलं असतं तर पहिल्याच उडीत पुढचा ब्रेक गेला असता. नाना पेठेतून माप देऊन स्टीलची जाळी असलेले होज बनवून घेतले. त्याच वेळी आर्मच्या टोकाचा, चाकाकडचा फिरता सांधा म्हणजे बॉल जॉइंटही तपासा. चाक तळाशी लोंबत असताना जॉइंट आपल्या कोनाच्या शेवटाला जाऊन अडकता कामा नये. त्याच्याआधी शॉकची लांबी संपली पाहिजे.

आता या ११ इंचांत नेमकं काय मिळालं ते सांगतो. जाहिरातीत फक्त एकूण आकडा असतो, पण मी बसल्यावर गाडी कुठे उभी राहते त्यावर सगळं आहे. पूर्वी साडेआठपैकी सव्वादोन इंच माझ्या वजनाने दबायचे आणि सव्वासहा वरच्या दणक्यांसाठी उरायचे. आता पावणेचार इंच दबतात आणि सव्वासात उरतात. वर मिळाला एक इंच, खाली दीड. बांधाला खरा उपयोग त्या खालच्या दीड इंचाचा होतो. बांधाचा माथा ओलांडला की चाक गाडीच्या आधी जमिनीला पोहोचतं, आणि नाक पडायच्या आत शॉकने भार घ्यायला सुरुवात केलेली असते. वर याहून जास्त घेऊन चालणारही नाही. पूर्ण दबल्यावर माझ्या चेसिसखाली दीड इंचसुद्धा उरत नाही. आणखी वाढवलं तर शॉकच्या आधी चेसिसच धोंड्यावर बसेल.

ओढ्यात फरक डोळ्यांनी दिसतो. भाचा चालवत असताना मी काठावर बसून पाहत होतो. डावं चाक मोठ्या काळ्या धोंड्यावर चढलं, आर्म जवळजवळ फेंडरला भिडला, आणि त्याच क्षणी उजवं चाक खालच्या खळग्यात पाण्यात उतरून दगड धरून होतं. सीट हललीच नाही म्हटलं तरी चालेल. पूर्वी याच जागी मी दोनदा हँडलवर आदळलो होतो.

जे बिघडलं तेही सांगायला हवं. गाडी पुढून ५० इंच झाली आणि आमचं वरच्या तुकड्याचं फाटक चार फुटी, म्हणजे ४८. पूर्वी दोन्ही बाजूंना बोटभर जागा ठेवून गाडी निघायची, आता खालच्या बाजूने ओढ्याकाठून वळसा घालावा लागतो. वळायला जागाही जास्त लागते. करवंदीच्या जाळीतली वाट मी सोडूनच दिली. अमेरिकेत वनखात्याच्या पुष्कळ वाटांवर ५० इंच रुंदीचीच मर्यादा आहे. जंगलातल्या अरुंद वाटांवर शर्यत लावणारे लोक रुंद आर्म का टाळतात, ते आता कळतं.

मागची बाजू मी लांब केली नाही. पुढचं इतकं मऊ झाल्यावर मागचा शॉक अचानक काठीसारखा वाटायला लागला. पुढची चाकं बांध गिळायची आणि मागून लाथ बसायची. फेब्रुवारीत त्याची सर्व्हिस करून घेतली, तेल आणि नायट्रोजन नवं, सॅग (बसल्यावर गाडी किती दबते ते) माझ्या वजनाला बसवला, रिबाउंड (दबलेला शॉक परत उघडण्याचा वेग) दोन क्लिक हळू केलं. सत्तर टक्के काम झालं. उरलेल्यासाठी मागची स्प्रिंग बदलावी लागेल. नायट्रोजनवरून एक सांगतो: टायरच्या दुकानातला नायट्रोजन इथे कामाचा नाही. शॉकमधला दाब टायरच्या कित्येक पट असतो आणि भरायला वेगळा सिलिंडर आणि गेज लागतं. दाब कमी झाला की पिस्टनमागे तेलाला फेस येतो आणि पंधरा मिनिटांत शॉक मवाळ पडतो. बाइकच्या सस्पेन्शनचं काम करणारे पुण्यात आहेत, त्यांच्याकडेच द्या.

तिरप्या उताराबद्दलही जपून. पुढचा पाया रुंद झाला, मागचा तेवढाच आहे आणि तुमचं डोकं पूर्वीच्याच उंचीवर आहे. गाडी स्थिर वाटते म्हणून मी मार्चमध्ये वरच्या चढणीवर आडवा गेलो आणि वरच्या बाजूचं मागचं चाक सुटलं. अंग वर झोकून दिलं म्हणून निभावलं. त्यानंतर ती चढण मी सरळच चढतो.

हे सगळं करायच्या आधी टायरची हवा बघा, आणि हे मी अगदी मनापासून सांगतोय. होंडाने १९७० मध्ये जी तीनचाकी काढली, जिच्यापासून हा सगळा प्रकार सुरू झाला, तिला सस्पेन्शन नव्हतंच. फुग्यासारखे मऊ टायर हेच तिचं सस्पेन्शन. आजही एटीव्हीच्या टायरात चार-पाच पीएसआय हवा असते. पंक्चरवाल्याकडे गाडी दिली की तो सवयीने पंचवीस भरतो, मग कितीही महाग शॉक लावा, गाडी बैलगाडीसारखी आदळणारच. कमी दाबाचं साधं गेज जवळ ठेवा.

पावसाळ्यातली निगा वाढली आहे. चिखलणीच्या दिवसांत खाचरातला काळा चिखल बुशांत जातो. दर दोन फेऱ्यांनंतर ग्रीस मारतो, जुना चिखल बाहेर येऊन स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत. टाय रॉडच्या टोकांच्या फिरत्या सांध्यांना, म्हणजे रॉड एंडना, सील नाही, डावीकडच्यात सहाव्या महिन्यातच खेळ आला. पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं की टिकटिक जाणवते. दोन्हीकडचे एकदम बदलले. आर्मचं पावडर कोटिंग वेल्डजवळ उडालं, तिथे मी रेड ऑक्साइड लावून ठेवलाय. वेल्डवर दर महिन्याला विजेरीने नजर टाकतो, कारण लांब आर्मचा पीळ शेवटी चेसिसच्या कानांवर, म्हणजे आर्म जिथे बोल्टने बसतात त्या पट्ट्यांवर येतो.

आर्म, शॉक, होज, कस्टम ड्यूटी आणि मागची सर्व्हिस धरून सव्वादोन लाखांच्या वर गेले. पैसे एकदम जमत नसतील तर मी म्हणेन, थांबा. नुसते आर्म लावू नका. जुन्याच शॉकना वजनाप्रमाणे स्प्रिंग आणि ताजं तेल घालून घेतलं तरी निम्मं समाधान मिळतं. फोर-बाय-फोर गाडीवाल्यांना तर पुढच्या चाकांना ताकद देणारे लांब ड्राइव्ह शाफ्टही लागतील आणि त्यांच्या वाकत्या सांध्याचा (सीव्ही जॉइंटचा) कोन सांभाळावा लागेल, तो खर्च वेगळा.

झेड ४०० वर हेच करणाऱ्यांसाठी माझं सध्याचं सेटिंग: बसल्यावर सॅग पुढे पावणेचार इंच, मागे तीन. शॉकच्या दांड्यावर एक रबरी रिंग चढवून ठेवली आहे. फेरी झाली की ती कुठे सरकली ते बघायचं, म्हणजे शॉक किती दबला ते कळतं. काल लावणी उरकल्यावर अकराही बांध ओलांडून वर टाकीपर्यंत गेलो, तेव्हा रिंग तळापासून पाऊण इंच अलीकडे थांबली होती. गवंडी पाऊस उघडल्यावर येतो म्हणालाय, फाटक साडेचार फूट करायचं ठरलंय.